पाहुणी घोडी आणि पागेदाराचे उत्तर

फार फार वर्षांपूर्वी, राजे पुष्कळ होते आणि त्यांची राज्ये आटोपशीर होती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका राज्यात एक पागेदार होता. राजाच्या घोड्यांची देखभाल त्याच्याकडे होती. म्हणजे देखभाल मोतद्दार करीत, आणि ती नीट होत असल्याचे पागेदार दरबारात सांगे.

त्या दरबाराची एक रीत होती. राजाने काही विचारले, तर उत्तर ‘होय’ तरी द्यायचे, नाही तर ‘नाही’. ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याला पगडी उतरवून घरी जावे लागे. त्यामुळे दरबारात सगळ्यांना सगळे ठाऊक असे.

एकदा शेजारच्या राजाने एक अबलख घोडी भेट म्हणून पाठवली. सोबत निरोप होता, ‘ही आमच्या पांढऱ्या घोड्याजवळ होती. कदाचित गाभण असेल.’ त्या पांढऱ्या घोड्याची अवलाद आपल्या पागेत असावी, असे राजाच्या फार दिवसांपासून मनात होते.

“घोडी गाभण आहे का, ते उद्या सांगा,” राजा पागेदाराला म्हणाला. “असेल तर जपून वेगळी ठेवू. नसेल तर उद्याच कुरणात आपल्या घोड्याच्या कळपात सोडू.”

पागेदार म्हाताऱ्या मोतद्दाराकडे गेला. मोतद्दाराने घोडीच्या पोटावरून हात फिरवला, कान लावून पाहिला आणि पुन्हा हात फिरवला.

“काय ते बोल की,” पागेदार म्हणाला.

“सांगता येत नाही, धनी. पोट अजून बोलत नाही.”

“पोटाचं राहू दे, तू बोल.”

“मी म्हणतो, कुरणाला लागून कुंपण घालू आणि हिला अलीकडे ठेवू. घोडा पलीकडून वास घेईल, फुरफुरेल, चार दिवस नाचेल, मग निवेल. बाकीच्या घोड्याही ओळखीच्या होतील. दोन-तीन महिन्यांत पोट आपणच सांगेल.”

“आणि तोवर महाराजांना काय सांगू?”

“ठाऊक नाही म्हणून सांगा.”

“तुझं बरं आहे,” पागेदार म्हणाला. “तुला पगडीच नाही.”

घरी जाऊन त्याने विचार केला. ‘होय’ म्हणावे, तर वर्षाच्या आत शिंगरू दाखवावे लागेल. ‘नाही’ म्हणावे, तर पुढे शिंगरू झालेच तरी ते आपल्याच घोड्याचे म्हणता येईल. शिंगराला कोण विचारायला जाणार? उत्तर त्याला फार सोयीचे वाटले. दुसऱ्या दिवशी तो दरबारात ठणठणीत आवाजात म्हणाला, “नाही, महाराज.”

त्याच दुपारी घोडीला कुरणात सोडले. परकी घोडी दिसताच घोडा कान पाडून धावला. घोडी त्याला जवळ येऊ देईना. इतर घोड्यांनीही तिला लाथा घातल्या. कळपाच्या आत घोडा आणि बाहेर जायला वाट नाही, अशा कोंडीत ती संध्याकाळपर्यंत पळत राहिली. मोतद्दारांनी घोड्याला दोर टाकून आवरले, तेव्हा कुठे ती उभी राहिली.

आठव्या दिवशी तिने शिंगरू टाकले. मांजराएवढे होते. अंगावर केस आले नव्हते, पण चारही खूर तयार होते.

राजाने ते पाहिले आणि पागेदाराकडे पाहिले. पागेदाराने न सांगताच पगडी उतरवून खाली ठेवली.

“तुम्हाला ठाऊक होतं का?” राजाने विचारले.

“नाही, महाराज,” पागेदार म्हणाला. इतक्या वर्षांच्या चाकरीत त्याने दिलेले हे पहिले खरे उत्तर होते.

मग त्याने मोतद्दाराच्या हातातली कुदळ घेतली आणि खड्डा स्वतः खणला. घोडी दूर उभी होती. तिने मान वर केली नाही.

तात्पर्य : ठाऊक नसताना दिलेल्या ठाम उत्तराची शिक्षा बहुधा उत्तर देणाऱ्याच्या आधी दुसऱ्याच कोणाला भोगावी लागते.