राजाला लागलं सोयर

"लग्नात तुम्ही देवक म्हणून कळंबाची डहाळी पुजता, आम्हीही कळंबच पुजतो. म्हणजे तुम्ही आमची भावकी. परवा मी गादीवर बसलो की तुमचं गाव माझं आणि गावचे गडी माझ्या फौजेत!"

धारगडच्या सर्जेरावाने तिवरे गावाला असा निरोप धाडला. मोठं राज्य मोडलं होतं आणि जो तो राजा व्हायला निघाला होता. नदीपलीकडे दुसऱ्या कुळीचा एकजण गादी मांडून तयारच होता. जो आधी बसेल त्याचं खोरं, असं दोघांत ठरलेलं. तिवऱ्याला मात्र दोघेही नको होते, गावाला आपले पंच पुरेसे होते.

गावकऱ्यांनी गडावर जाऊन हात जोडले. सर्जेराव मिशीत हसला. "माझ्याच तोंडून म्हणवून घ्या की तुम्ही माझे कोणी नाही. मग गावाचं नाव काढणार नाही."

आता हे कोण म्हणवून घेणार? बिचारे आले तसे परत गेले.

गावातल्या सगुणाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचा भाऊ हैबती फौजेत जाणार होता, आणि वहिनीचे दिवस भरलेले. गादीवर बसायच्या मुहूर्ताच्या दिवशी पहाटे वहिनीला मुलगा झाला, तशी ही पोरगी पदरात गूळ बांधून तडक गडावर.

सर्जेराव सोवळं नेसून पूजेच्या पाटावर बसला होता.

"महाराज, तोंड गोड करा. हैबतीला मुलगा झाला."

"वा! भावकीत एक शिपाई वाढला." त्याने गूळ तोंडात टाकला.

"वाढला ना. म्हणून तर भावकीला दहा दिवस सोयर आलं. आम्ही देवाला शिवत नाही. तुम्हीही उठा पाटावरून."

भटजींनी कलशावरचा हात मागे घेतला. "भावकी असेल तर खरं आहे, महाराज. दहा दिवस पूजा नाही."

"दहा दिवस? तोवर पलीकडचा बसेल की!"

"अकराव्या दिवशीही घाई नको," सगुणा म्हणाली. "गावात आणखी सहाजणी पोटुशा आहेत."

सर्जेरावाला गूळ गिळवेना. "अगं बाई, कोण तुम्ही माझे? कोणी नाही! देवक सारखं असलं म्हणून काय झालं?"

"भटजी, ऐकलंत ना?" सगुणाने विचारलं.

सर्जेराव पोट धरून हसत सुटला. हातातलं चांदीचं कडं काढून त्याने तिच्यापुढे धरलं. "गाव तुमचं. आणि हे बाळाला."

"घेते," सगुणा म्हणाली, "पण परक्याचा आहेर म्हणून हं. भावकीचा म्हणाल, तर आधी पाटावरून उठावं लागेल."