कस्तुरीचं शून्य

“मग वेदनेचं औषध बंद करू ना, बाई?”

डॉ. निहार परदेशातून शिकून नुकताच परतला होता. डॉ. दमयंतीबाईंच्या छोट्या रुग्णालयात त्याच्याच आग्रहाने प्रथमच कस्तुरी नावाच्या एका मुलीच्या अपेंडिक्सवर शस्त्रक्रियेविना, नुसत्या अँटिबायोटिकने उपचार चालले होते.

“दुखत नाही म्हणून कोण म्हणालं?” बाईंनी विचारलं.

“ती स्वतः! दहापैकी किती दुखतंय, विचारतो. दर वेळी शून्य!”

बाई कस्तुरीच्या खाटेपाशी गेल्या. पदर खोचला आणि एका पायावर उभ्या राहिल्या.

“लंगडी येते का गं?”

“येते की! शाळेत मला कुणी हरवत नाही.”

“मग धर मला.”

कस्तुरी खाली उतरली. पाय उचलला, एक उडी मारली… आणि उजवी कूस धरून वाकली.

“आज नको.”

निहारचा चेहरा उतरला. “अगं, मग शून्य का म्हणालीस?”

कस्तुरीने आईकडे पाहिलं. आई ओशाळली.

“मीच बोलले, डॉक्टर. दुखतंय म्हणालीस तर पोट कापतील म्हणून.”

“आणि शून्य म्हटलं की हे डॉक्टर किती हसतात!” कस्तुरी म्हणाली.

…

बाईंनी तिला नीट झोपवलं, तपासलं. निहारने वेदनेचं औषध दिलं.

“दुखलं की ओरडायचं,” बाई म्हणाल्या. “ओरडलीस म्हणून कुणी कापत नाही. कापायची वेळ आलीच, तर आधी तुला सांगू. चोरून काही नाही.”

“जोरात ओरडू?”

“छपराची कौलं हलली पाहिजेत.”

त्या संध्याकाळी वॉर्ड दणाणला. “डॉक्टर! सहा!”

निहार जेवण टाकून धावला.

मग “चार!” मग “दोन!” शेजारच्या खाटेवरचे आजोबाही तिच्यासोबत आकडे पुकारू लागले.

आणि एके सकाळी बाई फेरीला निघाल्या, तर मागून टप् टप् आवाज आला. लांबलचक व्हरांडा कस्तुरी एका पायावर कापत होती. खाटाखाटांवरून टाळ्या पडत होत्या. तिने बाईंच्या पाठीत धपकन थाप मारली.

“बाई बाद!”

“बाई, शून्य!” निहार हर्षाने ओरडला. डोळे पुसत तो हसत होता. “खरंखुरं शून्य!”

बाईंनाही हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

“आधी हसायचा थांब,” त्या म्हणाल्या, “आणि मग तिला पुन्हा विचार.”