परीच्या कांडीला ऐकू न येणारे शब्द

निळ्या निळ्या डोंगराआड, बांबूच्या हिरव्यागार बनात एक इवलंसं घर होतं. तिथे गोदू राहायची. जवळपास शाळा नव्हती आणि घरात पैसाही नव्हता. आईच तिची बाई आणि गोदू एकटीच सगळा वर्ग! आई छान गोष्टी वाचायची, कविता शिकवायची. पण अपूर्णांक आले आणि आईची गाडी अडली.

"उद्या मामा न्यायला येतोय गं," आई डोळे पुसत म्हणाली. "शहरात राहून शीक. माझ्याजवळचं संपलं बाळा."

आईला सोडून राहायचं? गोदू रडत बनात पळाली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. चिमुकली परी! तिचे गुलाबी पंख अडकले होते. गोदूने रडता रडताच एकेक तंतू अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी!" परी किणकिणली. "तीन इच्छा माग. पण माझी कांडी भारी हट्टी. ज्या शब्दाच्या बाहेर कुणी उभं राहतं, तो शब्द तिला ऐकूच येत नाही."

गोदू घाईघाईने म्हणाली, "मला सगळं येऊ दे!"

कांडी गप्प.

"बरं, आम्हाला! मला नि आईला सगळं येऊ दे!"

कांडी फुस्स! आता एकच इच्छा उरली. तीही चुकली तर?

इतक्यात झुडपामागून हुंदका आला. तिथे लाल परकरातली एक मुलगी बसली होती.

"मी हिरा," ती म्हणाली. "टेकडीपलीकडे राहते. बाबा घरीच शिकवतात. गणितं मला झरझर येतात, पण गोष्टी सांगायला कुणी नाही. खेळायलाही नाही."

गोदू घाबरली. 'मला' म्हटलं तर आई बाहेर. 'आम्हाला' म्हटलं तर हिरा बाहेर. आणि हिला आत घेतलं, तर आपली इच्छा वाया तर जाणार नाही ना? पण हिराला तसंच रडत ठेवणं तिच्याने होईना. तिने हिराचा हात धरला आणि डोळे गच्च मिटले.

"आपल्याला... आपल्या सगळ्यांना मिळून शिकता येऊ दे!"

छुन्न! कांडीतून सोनेरी ठिणग्या उडाल्या. बनभर केशरी उजेड सांडला आणि त्यात इवल्या इवल्या पायवाटा चमकू लागल्या, या घरापासून त्या घरापर्यंत. प्रत्येक दारात घरीच शिकणारं एकेक मूल उभं! कुणाकडे चित्रांची पुस्तकं, कुणाकडे भिंग, कुणाकडे बासरी. परी गोड हसली आणि त्या उजेडातच विरघळून गेली.

सकाळी मामा आला, तर अंगणात पोरंच पोरं. हिराचे बाबा भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवत होते. पहिल्या रांगेत, पोरांच्या मधोमध, गोदूची आई मांडी घालून बसली होती.

"गोदूची तयारी झाली का गं?" मामाने विचारलं.

"श्श, दादा!" आई म्हणाली. "वर्ग चालू आहे. खाली बस."