घाईच्या वेळची हाक

मालवणातल्या होड्यांच्या बुकिंगची वेबसाइट कुठल्या भाषेत चालवायची, यावरून केरकरसर आणि हेमांगीची जुंपली होती. सरांचा सर्व्हर जावा भाषेतला, हेमांगीचा गो नावाच्या नव्या भाषेतला. मालकीणबाई सुलभाताई दोन्हींतला एकच ठेवणार होत्या आणि दुसऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

"गो ही काय भाषा झाली?" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "आमच्यात बायकांना अशी हाक मारतात. गो, वायच चाय ठेव."

ऑफिस खो खो हसलं. हेमांगी चरफडली. तेवढ्यात लाइट गेली, तसे दोन्ही सर्व्हर बंद पडले. लाइट आल्यावर ते पुन्हा सुरू केले, तर हेमांगीचं पान लगेच उघडलं. सरांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"सर, तुमचं?" ताईंनी विचारलं.

"येतंय. मोठ्या भाषेला वेळ लागायचाच."

"खरं आहे, ताई," हेमांगी म्हणाली. "गो म्हटलं की एकटी उठून येते. जावांना निघायचं म्हणजे सगळ्यांच्या साड्या नेसून झाल्याशिवाय एकही उंबरा ओलांडत नाही."

घरात चार जावा असलेल्या सुलभाताईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "तुझाच ठेवू," त्या म्हणाल्या.

"अगो, माझं ऐकून तरी घे," सर हेमांगीला काकुळतीने म्हणाले.

"बघा सर, घाईच्या वेळी तुमच्याही तोंडात गोच आली."