सावली परराज्यात पडते

"आणि मग तू तिला काय सांगितलंस?" ठिगळनाथांनी विचारलं.

"कायदा सांगितला, महाराज."

"बरं… आणि तिनं काय सांगितलं?"

"ती… कण्हत होती."

ठिगळनाथांची मान खाली गेली. समोर उभा असलेला त्यांचा शिष्य तेजनाथ मात्र ताठ होता. कालच त्याला दिवाणकीची शाल मिळाली होती, आणि नवी शाल मान वाकू देत नाही.

आता हे राज्य कुठलं, ते सांगायला हवं. घाटाच्या डोक्यावर मौनगिरी नावाचा मठ, आणि मठ हेच राज्य. खाली राजेरजवाडे आले नि गेले, पण हा माथा कोणी जिंकला नाही. जिंकून ठेवायचा कुठे, हा प्रश्न. उंच माणूस आडवा झाला, तर डोकं स्वदेशात आणि पाय परदेशात. कोंबडा इथे आरवायचा, उजाडायचं शेजारच्या मुलखात. तरी झेंडा होता, शिक्का होता, फौजही होती. फौजेची तलवार म्यानातून निघत नसे, म्हणून राज्यात अखंड शांतता.

राजा म्हणजे मठाचा गादीकर. तो निवडायला म्हातारे नाथ एका खोलीत कोंडून घेत, आणि एकमत होईपर्यंत त्यांना अळणी जेवण. ठिगळनाथांची निवड झटपट झाली. त्या वेळचा आचारी अळणी भात वर करपवतही असे.

पण खरी तऱ्हा प्रजेची. इथे जन्मानं कोणीच प्रजा नव्हता. मठाची सेवा पत्करली की माणूस इथला. सेवा सुटली की दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर. सगळे संन्यासी, त्यामुळे पाळणा असा कधी हललाच नव्हता. तेजनाथाला याचा कोण अभिमान! बाकीच्या राज्यांत माणसं नुसती जन्मतात, तो म्हणे, इथे यावं लागतं.

तर आज दुपारी त्याच्या वेशीवर एक बुरुडाची सून आली. सासूबरोबर सुपं-टोपल्या घेऊन जत्रेला निघाली होती. माथ्यावर पोचता पोचता कळा सुरू झाल्या. सासूनं दाराशी पदर पसरला. "देवडीत घटकाभर आडोसा द्या, बाबा."

तेजनाथानं विचार केला. मूल आत झालं, तर ते कोणाची प्रजा? सेवा न करता इथलं? पोथीत याचं उत्तर नव्हतं. आणि दिवाणकीच्या पहिल्याच दिवशी पोथीबाहेर पाऊल कोण टाकतो?

"पण मी निष्ठुर नाही, महाराज," तो आता म्हणाला. "उन्हं कलली होती. आपल्या तटाची सावली बाहेर पडते. म्हटलं, सावली परराज्यात आहे, तिथे खुशाल बसा. आमची हरकत नाही."

"हरकत नाही म्हणालास."

"हो."

"मला का नाही उठवलंस?"

"महाराज ध्यानात होते."

"असं…" ठिगळनाथांनी मांडी मोडली. आपल्याच गुडघ्यांकडे बघत राहिले, जणू गुन्हा त्यांनी केला होता. "केवढं मोठं ते ध्यान… मग?"

"मग… झालं."

"तुला कसं कळलं?"

"रडणं ऐकू आलं, महाराज."

"कुठे?"

"देवडीत. आत."

"परराज्यातलं रडणं?"

तेजनाथानं शाल सावरली.

"अडवलं नाहीस?"

शाल एकाएकी मानेला टोचू लागली.

"चल," ठिगळनाथ उठले.

वेशीच्या दाराबाहेर चुन्याची रेघ होती. ठिगळनाथ ती ओलांडून गेले आणि धुळीत बसले. तेजनाथ रेघेवरच थबकला. आतून जे नुसतं ऐकलं होतं, ते आता दिसलं. पालथ्या टोपलीवर डोकं टेकलेली पोर. कोरडे, तडकलेले ओठ. कोऱ्या सुपात, म्हातारीच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलेलं मूठभर काहीतरी.

म्हातारी आता शिव्या देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

म्हातारीनं हात जोडले.

"ह्येच बग, पोरी, ते दिवाणबाबा! उन्हातान्हाची सावली दिली यांनी. लई उपकार झाले, बाबा."

"आजी… तसं म्हणू नका."

"का म्हनू नगं? खालच्या गावात टोपली ठिवून घेत्यात नि मानसाला हाकलत्यात. तुमी हाकललं न्हाई. नाव काय तुमचं?"

तेजनाथानं पायाखालच्या रेघेकडे पाहिलं.

"तेजनाथ," ठिगळनाथ म्हणाले.

"मग नातवाचं नाव तेजनाथ! यांच्या सावलीत झालाय त्यो."

"नको!" तेजनाथ ओरडलाच. "आजी, पाया पडतो. माझं नाव नको."

म्हातारीचं हसू विझलं. जोडलेले हात तिनं हळूच खाली घेतले. "चुकलं, बाबा. आमी बुरुडाची मानसं… तुमचं नाव आमच्यात कसं शोभंल?"

"तसं नाही… आजी, तसं नाही हो…"

टोपलीवरच्या पोरीनं डोळे उघडले. दाराशी झालेला सगळा कायदा तिनं कळा देता देता ऐकला होता. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तेजनाथाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण जमीनही कुठली? एक पाय आत, एक बाहेर.

"ठेव, माय, तेच नाव ठेव," ठिगळनाथ म्हणाले. "आमच्याकडे ते आजपासून रिकामंच आहे."

शाल खांद्यावरून घसरली, तरी तेजनाथानं सावरली नाही.

"मग… मला काय म्हणायचं, महाराज?"

"आधी या लेकीला पाणी आण. ती ज्या नावानं हाक मारील, त्याला ओ दे."