ठकूबाईची गोल वाकळ

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी जी नुसती ऐकली होती, ती ही गोष्ट. खरी किती आणि वाढवलेली किती, ते मला विचारू नका. कासारघोळात विचाराल तर ते सांगतील, सगळी खरी.

कासारघोळ म्हणजे डोंगरमाथ्यावरचं नऊ घरांचं गाव. थंडी अशी, की पौषात हंड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा. त्या गावात ठकूबाई राहायची. तिची दोन वर्षांची पोर, गोजरा, आदल्याच पौषात थंडीनं गेली होती. ठकूबाई महिनाभर रडली आणि मग कामाला लागली. तेव्हापासून ती बोलायची कमी आणि बघायची जास्त, असं म्हणतात.

त्या वर्षी कार्तिकात भाताच्या गंजीला आग लागली. वारा सुटलेला, घरं गवतानं शाकारलेली. दिवस कलायच्या आत गाव राख झालं, गावाबाहेरचा गुरांचा गोठा तेवढा राहिला. माणसं रानात होती म्हणून वाचली. कपडे मात्र अंगावरचे आणि ओढ्यावर वाळत घातलेले तेवढेच उरले, आणि त्यांचीही लोंबती टोकं ठिणग्यांनी खाल्लेली.

गोठ्यात सगळं गाव जमलं. अकरा लहान मुलं होती. ठकूबाईनं ती एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "औंदा एक बी पोर जाऊ द्यायचं न्हाई."

एका घरचं फडकं एका पोराच्या छातीलाही पुरणार नव्हतं. सगळ्यांचं जोडून एकच वाकळ शिवायची आणि पोरं तिच्याखाली खेटून निजवायची, एवढाच उपाय होता. बायकांना ते पटलं. जळका भाग कापून, उरलंसुरलं एकाला एक जोडून, प्रत्येकीनं आपल्या घरचं ठिगळ शिवलं. मोजायला कुणाला सवड होती? कुठलं आखूड, कुठलं लांब, कुठलं तिरपं, पण सगळी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती.

ठकूबाईनं खळं झाडून त्यावर ती मांडली. पहिल्या दिवशी सरळ ओळीत, निम्मी उशाला, निम्मी पायताशी. मग खळ्याकडेच्या उंबरावर चढून वरून पाहिलं, तर जागोजाग फटी. फटींचं पुढं बघता आलं असतं. पण तेवढ्यात पाटलीणबाई आल्या आणि त्यांना आपलं ठिगळ पायताशी दिसलं.

"ठके, माझ्या सासूच्या लुगड्याचं कापड हाय ते," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्याला कुणाचं पाय लागायचं न्हाईत."

ठकूबाईनं ते उचलून उशाला ठेवलं आणि दुसऱ्या एकीचं पायताशी आणलं. ती दुसरी रडायला लागली, तिच्या कापडात म्हाताऱ्या बापाचं धोतर होतं. तिसरीचं आणलं, तर तिसरीनं ठिगळच उचललं आणि गोठ्याकडे चालू लागली. घर जळालं तरी माणसाचा मान जळत नाही बघा. पायताशी ठिगळ द्यायला एकही घर तयार होईना.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं ते परत मागून आणलं आणि सगळी आडवी मांडली. तिसऱ्या दिवशी मोठी कडेनं, लहान आत. चौथ्या दिवशी मुंग्यांच्या रांगेसारखी नागमोडी. दर वेळी उंबरावर चढायची, पाहायची, उतरायची, मोडायची. गुडघे सोलून निघाले. पुरुष हसायचे, म्हणायचे, "ठकूबाई काय वाकळ शिवत न्हाई, उंबरं खायला चढती." ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा मांडायची. वाऱ्यानं एकदाही तिचं ठिगळ हलवलं नाही, असं म्हणतात. वाऱ्यालाही तिची दया आली असेल किंवा धाक वाटला असेल.

नवव्या दिवशी सकाळी गवतावर पहिलं दहिवर, गोठलेलं पांढरं दव, दिसलं आणि एक पोर खोकायला लागलं. तो खोकला ठकूबाईच्या ओळखीचा होता. ती गोठ्यात गेली नाही, खळ्यावर गेली. या खेपेला तिनं सगळ्या ठिगळांची रुंद टोकं बाहेर ठेवली, निमुळती आत वळवली आणि कडेला कड लावत गोल फिरली. उंबरावरून पाहिलं, तर एक फट उरली नव्हती. पोरांची डोकी बाहेरच्या बाजूला, सगळी नऊ ठिगळं उशाशी, आणि सगळ्यांचे पाय मधोमध.

मधोमध मात्र सुपाएवढी जागा उघडी राहिली होती.

"हितं कुणाचं?" पाटलीणबाईंनी विचारलं. "पाय तर हितंच येणार."

ठकूबाईनं कंबरेला खोचलेला लुगड्याचा केळ सोडला. त्यात गोजराचं दुपटं होतं, आगीच्या दिवशीही तिच्या कंबरेलाच होतं. वर्षभर तिनं ते कुणाला दाखवलं नव्हतं. ते तिनं मधल्या जागेवर पसरलं, बरोबर बसलं.

"लेकीच्या कापडाला पाय लावायचं?" पाटलीणबाई हळूच म्हणाल्या.

"लागू द्या," ठकूबाई म्हणाली. "पोरांचंच पाय हायत. तिला बी सोबत हुईल."

पाटलीणबाई खाली बसल्या आणि त्यांनीच पहिला टाका घातला. मग नऊ घरच्या बायका भोवती बसल्या. दोरा एवढासाच होता, पण शेवटच्या टाक्यापर्यंत संपला नाही, आणि सूर्यानं त्या दिवशी मावळायला उशीर केला, असं म्हणतात. त्या पौषात सगळ्या माळावर दहिवर पडलं, गोठ्याच्या छपरावर पडलं नाही. अकरा मुलं त्या वाकळीखाली निजायची, आणि सकाळी पाय मारत हसायला लागली की बाहेर ठकूबाईला बारा जणांचं हसू ऐकू यायचं. अकराच्या अकरा मुलांनी चैत्र पाहिला.

आजही कासारघोळात तान्ह्याची वाकळ मधोमधून सुरू करतात. मधलं ठिगळ मागायचं ते ज्या घरातलं लेकरू गेलं असेल त्या घरी. ती आई स्वतः येते आणि बाळाचे पाय आपल्या हातानं त्या ठिगळावर टेकवते. एरवी कापडाला पाय लागला की आपण पटकन हात लावून नमस्कार करतो. तिथं कुणा पाहुण्यानं तसं केलं, तर म्हातारी माणसं त्याचा हात धरतात आणि सांगतात, "असू दे, लागू दे. गोजरा वाट बघत असती."