झिपऱ्याचं खाणं आणि पोतंभर कुंकू

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, आणि त्याचाच तर सगळा घोळ होता.

केरबाच्या बायकोचा, हौसाचा, एक कुत्रा होता, झिपऱ्या. हौसाचा त्याच्यावर फार जीव. एकदा झिपऱ्याला खाज सुटली. केस गळून गळून पाठ पार उघडी पडली. हौसा म्हणाली, "ह्याला बरं करा, न्हाईतर ह्याला घिऊन मी माहेरी चालले." केरबा घाबरला. हौसावाचून त्याला करमत नसे, आणि चुलीचं तर सोडूनच द्या.

तो गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय घालता?"

"दुकानातले सुटे टोस्ट."

"बंद करा. पाकिटातलं खाणं आणा. ज्याच्यावर काय काय घातलंय ते लिहिलेलं नाही, ते पोटात जाऊ द्यायचं नाही."

"आलं ध्यानात!" केरबा म्हणाला.

घरी हौसानं भाकरी वाढली. केरबानं ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"काय बघताय?"

"यादी कुठाय हिच्यावर?"

दोन दिवस केरबा उपाशी. त्याच्या वाटणीच्या भाकरी झिपऱ्यानं खाल्ल्या. शेवटी हौसानं कोळशानं भिंतीवर लिहिलं : जोंधळं, पाणी, हौसाचा हात. तेव्हा कुठं त्यानं घास घेतला.

मग तो बाजारातून पाकीट घेऊन आला. पुढं कोंबडीची झकास तंगडी छापलेली. आत नुसता मका आणि रंग. झिपऱ्या आता अंगणभर लोळून खाजवायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, पुढच्या चित्रावर जायचं नाही. पुढचं मिरवायला असतं. खरं काय ते मागं लिहिलेलं असतं."

"आलं ध्यानात!"

दुसरं पाकीट आणायला तालुक्याला जावं म्हणून तो एसटी स्टँडवर गेला. बसच्या पुढं तालुक्याचं नाव लिहिलेलं होतं. केरबा मनाशी हसला आणि मागं गेला. मागं लिहिलं होतं : सुरक्षित अंतर ठेवा. केरबा वीस पावलं मागं सरून उभा राहिला.

कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, येताय का?"

"अंतर ठिवलंय!" केरबा तिथूनच म्हणाला.

बस निघून गेली. केरबा परत डॉक्टरांकडे. आता डॉक्टरांनी एका चांगल्या पाकिटामागची यादी मराठीत चिठ्ठीवर उतरवून दिली : कोंबडी, तांदूळ, जवस, मीठ. आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "यादीत पहिलं असतं ते सगळ्यात जास्त. शेवटचं असतं ते चिमूटभर. कळलं?"

"आलं ध्यानात!"

त्याच आठवड्यात हौसाच्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण केरबाच्याच घरी होतं. पंचवीस पानं उठायची होती. हौसानं सामानाची यादी लिहून दिली : हळद-कुंकू, सुपारी, तांदूळ, तूरडाळ, गूळ, आणि सगळ्यात शेवटी झिपऱ्याचं पाकीट.

संध्याकाळी टेम्पो दारात आला. त्यातून उतरलं पोतंभर हळद-कुंकू. मग अर्धं पोतं सुपारी. मग पायलीभर तांदूळ. मूठभर डाळ. गुळाचा एक खडा. मग केरबानं रुमालाची गाठ सोडली आणि कुत्र्याच्या खाण्याचा एक दाणा झिपऱ्यापुढं ठेवला. दाणा दिसेनासा झाला. झिपऱ्या रुमालाकडे बघत बसला.

हौसानं कपाळ बडवून घेतलं. "अवो, यादीत पैलं हळद-कुंकू लिवायची रीत हाय! शुभ म्हणून लिवत्यात ते! पैलं हाय म्हणून काय पोटभर खायाचं असतंय?"

केरबाला खरंच फार वाईट वाटलं. "आलं ध्यानात," तो हळूच म्हणाला.

हौसा डाळ-गूळ उसना आणायला शेजारी गेली. झिपऱ्याच्या पोटात तो एकच दाणा. ती परत यायच्या आत कुत्र्याला नीट जेवू घालायचंच, असं केरबानं ठरवलं. चिठ्ठी काढली. पहिलं लिहिलं होतं, कोंबडी.

"हात्तिच्या! म्हंजे ही बी शुभ म्हणूनच!"

त्यानं हौसाची अंडी देणारी एकुलती एक कोंबडी धरली. पाटावर बसवली, पाय बांधले. हळद-कुंकू लावलं, आणि कुंकवाला काही तोटा नव्हता, म्हणून शेपटापर्यंत लावलं. ओवाळलं. पुढ्यात झिपऱ्यासाठी तांदूळ, जवस, मीठ मांडलं.

"झिपऱ्या, तुझं जेवण तांदळापासनं पुढं. कोंबडी नुसती पूजेला." असं बजावून केरबानं डोळे मिटले आणि हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा हौसा दारात उभी होती. पाट रिकामा होता. घरभर पिसं उडत होती, आणि झिपऱ्या कुंकवानं माखलेल्या मिशा चाटत होता.

"माझी कोंबडी कुठाय?" हौसा किंचाळली.

"त्याचं काय चुकलं न्हाई गं," केरबा म्हणाला. "त्याला वाचता येत न्हाई. त्यानं पैल्यापासनंच सुरुवात केली."